साखर आटोक्यात, वजन चढतं: टाइप २ मधुमेहाच्या रेमिशनमधलं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाई म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. रेमिशनमध्ये, म्हणजे औषधाशिवाय साखर मधुमेहाच्या पातळीखाली राहण्याच्या अवस्थेत, आलेल्या लोकांच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका नोंदीत एकत्र आणल्या आहेत आणि आकडे त्याच चित्राला धरून मांडले आहेत. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

सुरुवातीची स्थिती

वय ५२, उंची १६४ सेंटिमीटर. निदान झालं तेव्हा वजन ८६ किलो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.१ टक्के. वर्षभरात बाईंनी वजन ७२.५ किलोवर आणलं, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ १६ टक्के उतरवलं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारं औषध थांबवलं आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.७ आलं. अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये मिळून केलेल्या व्याख्येत हे बसतं: साखर कमी करणारं कोणतंही औषध न घेता किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली. याला 'मधुमेहमुक्ती' म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्या शब्दाने घोळ होतो. मुक्त झालो म्हटलं की तपासण्याही सुटतात. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या अल्ब्युमिनची, पायांची तपासणी रेमिशनमध्येही ठरल्या वेळी करावीच लागते.

त्यानंतर आठ महिने बाईंनी दिवसाचे कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, ५५ ते ६० ग्रॅमवर ठेवले. सकाळची उपाशीपोटीची साखर हळूहळू ९६ वरून १०८ वर आली. 'अजून शंभरच्या आसपासच आहे' म्हणून तिकडे कुणी पाहिलं नाही. मग एका दुपारी बाहेर जेवण झालं: अंदाजे २५० ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे ७० ग्रॅम कार्ब, आणि वर २०० मिलिलिटर फळांचा रस, म्हणजे आणखी २० ग्रॅम. तासाभराने घरच्या ग्लुकोमीटरने २२१ दाखवलं. बाई घाबरल्या आणि त्यांनी दहा दिवस कार्ब थेट २५-३० ग्रॅमवर आणले. उपाशीपोटीची साखर उतरायच्या ऐवजी ११६ झाली. एचबीएवनसी ६.२ आलं, वजन ७७ किलो.

बाईंचा प्रश्न एवढाच होता: आता आणखी काय कमी करू?

एका प्रश्नात गुंतलेले तीन प्रश्न

२२१ आलं कशामुळे, उपाशीपोटीची साखर चढली कशामुळे आणि एचबीएवनसी वाढलं कशामुळे, या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. त्या तिन्हींवर 'कार्ब कमी करा' हा एकच उपाय लावला, तिथे गाडी चुकली.

आधी २२१ बघू. बरेच दिवस कार्ब फार कमी ठेवले की शरीर चरबीवर चालायला सरावतं. रक्तात मुक्त मेदाम्लं जास्त राहतात, स्नायू ग्लुकोज घ्यायला निरुत्साही होतात आणि जेवताच झटकन सुटणारा इन्सुलिनचा पहिला झोत मंद पडतो. त्यात अचानक ९० ग्रॅम कार्ब आले तर आकडा खऱ्या क्षमतेपेक्षा वर जातो. ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब खायला सांगतात ते यासाठीच. ती तयारी न करता मोठं ताट घेतलं तर मधुमेह नसलेल्या माणसाचाही आकडा फुगतो. शिवाय मोजणी तासाभराने झाली होती, म्हणजे ऐन शिखरावर. दोन तासांचा आकडा कुणाकडेच नव्हता. त्या दुपारवरून रेमिशन टिकलं की गेलं, हे सांगता येत नाही.

दहा दिवसांत १०८ चं ११६ होणं बरंचसं याच धाटणीचं आहे. कार्ब अगदी कमी केले की यकृत स्वतः ग्लुकोज बनवून पुरवतं आणि पहाटेच्या संप्रेरकांमुळे सकाळी तो पुरवठा जोरात असतो. शिवाय ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत चूक चालते. १०८ आणि ११६ हे एकेकट्या वाचनाचे आकडे असते तर त्यांत फरक आहे असं म्हणताच आलं नसतं. इथे आठवड्याची सरासरी होती, म्हणून फरक खरा मानला.

आठ महिन्यांत ९६ चं १०८ होणं मात्र वेगळं. त्याचं उत्तर ताटात नाही, वजनकाट्यावर आहे.

साडेचार किलो कुठून आले

सात दिवसांची खाण्याची नोंद ग्रॅममध्ये काढली. कार्ब ५८ ग्रॅम, प्रथिनं ९०, चरबी १४५. एकूण सुमारे १९०० कॅलरी. वजन उतरल्यानंतर बाईंची गरज होती साधारण १७५०. चरबीच्या ऊतीचा एक किलो म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी धरल्या तर साडेचार किलो होतात ३४,६५०. आठ महिन्यांच्या २४० दिवसांत वाटल्या की रोजच्या १४४. नोंदीतला फरक आणि काट्यावरचा फरक जुळला. असं इतकं नेमकं दर वेळी जुळत नाही. लोक खाणं कमी सांगतात.

१४४ कॅलरी म्हणजे किती? साधारण २५ ग्रॅम बदाम. बाई दिवसभर येताजाता डब्यातून मूठमूठ सुका मेवा खात होत्या. डबा काट्यावर ठेवून सकाळ-संध्याकाळ वजन घेतलं तेव्हा दिवसाचा हिशेब निघाला ६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३५० कॅलरी. सॅलडवर तीन मोठे चमचे तेल, आणखी ३६०. यातल्या कशानेही मीटर हलत नाही, म्हणून यातलं काहीच संशयाच्या यादीत नव्हतं. 'साखर वाढत नाही ना, मग चालतं' हे वाक्य रेमिशनमध्ये सगळ्यांत महाग पडतं.

वजन उतरवून रेमिशन येतं का हे पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीचे निकाल २०१७ पासून येत गेले. वर्षअखेरीस उपचार गटातले ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले आणि वजन परत चढणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्याच चाचणीतली एक गोष्ट लो-कार्बवाल्या मंडळींना सहसा ठाऊक नसते: सुरुवातीच्या टप्प्यातल्या, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींच्या आहारात ५९ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटमधून होती. हिशेब केला तर रोजचे सुमारे १२५ ग्रॅम. रेमिशन आलं ते यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्यामुळे. ती परत साठू लागली की यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, आणि पहिली चाहूल उपाशीपोटीच्या साखरेत लागते.

याचा अर्थ कार्ब मोजू नयेत असा नाही. रेमिशनमध्येही इन्सुलिनचा पहिला झोत बहुतेकांचा पूर्ववत होत नाही, त्यामुळे एका बैठकीत किती कार्ब पचतात याला मर्यादा राहते. कार्बचं प्रमाण जेवणानंतरची साखर ठरवतं आणि वजन रेमिशनचं आयुष्य ठरवतं.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) पाहून घेतलं. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. दोन्ही ठीक होतं.

आखणी

दिवसाला १२० ग्रॅम कार्ब ठरवले. साठवर का ठेवलं नाही? कारण साठ निभत नव्हते. दर दोन आठवड्यांनी एकदा मोठं जेवण होत होतं आणि ते नेमकं न सरावलेल्या शरीरावर आदळत होतं. ज्यांना साठ-सत्तर ग्रॅम सहज जमतात आणि वजनही जागेवर आहे त्यांना बदलायचं कारण नाही.

एक अट स्पष्ट ठेवली: ही आखणी कोणतंही औषध चालू नसणाऱ्या माणसासाठी आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातलं (इन्सुलिन जास्त सोडायला लावणारं) औषध चालू असताना कार्ब खाली-वर केले तर साखर घसरू शकते. एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) औषधावर कार्ब फार कमी केले तर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याची धोक्याची अवस्था, होऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर, मग ताट.

पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी १५ ग्रॅमची पायरी: ६०, ७५, ९०, १०५, १२०. वाढ आधी दुपारच्या जेवणात केली, कारण सकाळी इन्सुलिनला विरोध जास्त असतो. कार्ब ६० ग्रॅमनी वाढले म्हणजे २४० कॅलरी वाढल्या. तेवढ्यासाठी २७ ग्रॅम चरबी काढली. रोजचा १५० चा जादा भार उतरवायला आणखी १७ ग्रॅम. प्रत्यक्षात मेवा ६० वरून २० ग्रॅम आणि तेल तीनवरून दीड चमचा. हे दोन्ही बदल एकाच दिवसापासून करावे लागतात. 'आधी भात सुरू करू, तेल पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणाऱ्यांचं वजन त्याच आठवड्यात सुटतं.

मोजणी कच्च्या वजनावर. ५५ ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ४३ ग्रॅम कार्ब. तो शिजून एक दिवस १४२ ग्रॅम भरला, पुढच्या दिवशी पाणी जास्त पडलं तेव्हा १७०. कार्ब दोन्ही दिवशी तेवढेच. शिजलेलं वजन करून तक्त्यातल्या १०० ग्रॅमला २८ या आकड्याने गुणलं असतं तर दोन दिवसांत आठ ग्रॅमचा खोटा फरक आला असता. बाकीच्यांसाठी ढोबळ आकडे पुरतात: उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला १८ ते २०, ब्रेडची ३० ग्रॅमची स्लाइस १४-१५, कोरडे ओट्स १०० ग्रॅमला ६० ते ६५, दूध २०० मिलिलिटरला १०, मध्यम केळं २७. शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅमला २०, पण त्यातले आठ तंतू.

या तंतूंवरून वेष्टनांवर गोंधळ होतो. काही देशांच्या लेबलवर एकूण कार्बमध्ये तंतू धरलेले असतात; युरोपीय पद्धतीत ते आधीच वेगळे काढलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या लेबलवरून पुन्हा तंतू वजा केले तर पाकिटातले कार्ब कागदावर नाहीसे होतात, पोटात मात्र जातात. 'शुगर-फ्री' बिस्किटांचंही तेच: साखर नाही, पण पीठ आहे आणि बहुधा माल्टिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ, जो साखरेपेक्षा कमी का होईना, साखर चढवतोच.

पहिले तीन आठवडे

चौथ्या दिवशी बाईंचा धीर सुटत होता. दुपारी अवघे ३० ग्रॅम कार्ब आणि तासाभराने १७१. हे अपेक्षित होतं आणि आधी सांगूनही ठेवलं होतं. तरी आकडा समोर दिसला की सांगितलेलं आठवत नाही. चौदाव्या दिवशी ४३ ग्रॅमवर तासाने १५८ आला. कार्ब दीडपट, आकडा कमी. शरीर सरावायला साधारण एवढाच वेळ लागतो आणि बरेच लोक नेमके पाचव्या-सहाव्या दिवशी सोडून देतात.

दुसरा धक्का काट्यावर बसला. दोन आठवड्यांत वजन ७७ चं ७७.८. ही चरबी नव्हे. कार्ब वाढले की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) भरतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. २०० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं की ८०० ग्रॅम वजन. कंबर तेवढीच होती. म्हणून वजनाची गणती पहिल्या दिवसापासून न करता चौदाव्या दिवसापासून केली. लो-कार्ब सुरू करताना पहिल्या आठवड्यात जे 'झटपट' उतरतं त्यातही बराचसा भाग याच पाण्याचा असतो, हे त्या वेळी सहसा कुणी ऐकून घेत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जोडीच्या चाचण्या केल्या. दुपारचं जेवण तेच, ४३ ग्रॅम कार्ब, मसूर आणि भाजी तेवढीच. प्रत्येक प्रकार दोनदा. भात आधी खाल्ला तेव्हा सरासरी तासाने १७६, दोन तासांनी १४९. भाजी आणि मसूर आधी, भात शेवटी: १५३ आणि १३४. शेवटी भात आणि जेवणानंतर वीस मिनिटांनी पंधरा मिनिटं चालणं: १४२ आणि १२९. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक मीटरच्या चुकीत बसतो, त्यामुळे त्यावर फार भर दिला नाही. पहिल्या आणि दुसऱ्यातला मात्र कामाचा होता. भात थंड करून खाल्ल्यानेही थोडा फरक पडतो, पण भाताचं प्रमाण वाढवण्याची मुभा मिळावी एवढा नाही.

याच आठवड्यात एकदा दुपारी चारला २३८ आला. बाईंनी त्याआधी संत्रं सोललं होतं. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहिलं: ११९. बोटावरचा फळाचा रस पट्टीवर उतरतो आणि सॅनिटायझरने पुसून तो पुरता जात नाही. हात धुवावेच लागतात.

खरी अडचण नाश्त्याची निघाली. ४० ग्रॅम ओट्स आणि १०० मिलिलिटर दूध, म्हणजे ३० ग्रॅम कार्ब; तासाने १८७. दुपारी त्याच्या दीडपट कार्ब १५० च्या आसपास राहतात आणि सकाळी हे. ओट्स २० ग्रॅमवर आणले, सोबत दोन अंडी दिली, १४८. नाश्ता पूर्ण बिनकार्बचा करायचा मोह होतो, पण तसं केलं की दुपारच्या कार्बला शरीर कमी दाद देतं आणि शिखर तिकडे सरकतं. शेवटची वाटणी अशी ठरली: सकाळी १८, दुपारी ४५, रात्री ४० आणि मधे एका फळाचे १५.

वजनाचे नऊ आठवडे

इथून चरबी ४५ ग्रॅमवर आणली, प्रथिनं ८५, कार्ब तेच. दिवसाच्या सुमारे १२५० कॅलरी, म्हणजे ५०० ची तूट. तेल एक चमचा, मेवा १० ग्रॅम आणि तोही मोजून वाटीत. डबा वरच्या फळीवर. हा टप्पा कंटाळवाणा असतो, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सातव्या आठवड्याचा अपवाद. श्वासनलिकेच्या त्रासासाठी बाईंना पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपारी-संध्याकाळी साखर चढवतं: उपाशीपोटी १०६ आणि संध्याकाळी पाचला २१४. फक्त सकाळी तपासणाऱ्याला हे कळलंच नसतं. गोळ्या मनाने बंद केल्या नाहीत. डॉक्टरांना आकडे कळवले, दुपारचे कार्ब ४५ वरून ३० केले, पाणी वाढवलं, संध्याकाळची एक तपासणी वाढवली. गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी आकडे जागेवर आले. आजारपणातले ते पाच-सात दिवस सरासरीत धरले नाहीत.

बारा आठवड्यांनी वजन ७४.३ किलो. चौदाव्या दिवसापासून मोजलं तर साडेतीन किलो. कागदावरच्या हिशेबाप्रमाणे चार यायला हवे होते. उपाशीपोटीची आठवड्याची सरासरी ११६ वरून १०२. एचबीएवनसी ६.२ वरून ५.९. शेवटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबणं धाडसाचं आहे, कारण ०.३ चा फरक प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चढउतारातही येऊ शकतो. वजन, कंबर आणि उपाशीपोटीची साखर एकाच दिशेने गेली म्हणून तो खरा मानला.

पुढच्या काळासाठी फ्रिजवर तीन ओळी चिकटवल्या. रोज सकाळच्या वजनाची आठवड्याची सरासरी ७६ च्या वर गेली की त्याच दिवसापासून चार आठवडे पुन्हा १२५० कॅलरींची आखणी. कारण शोधत बसायचं नाही. दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर एकाहून जास्त वेळा १२६ किंवा वर आली तर मीटरवर न थांबता प्रयोगशाळेत. आणि तहान, वारंवार लघवी, कारण नसताना उतरणारं वजन यांसोबत साखर २०० च्या वर असेल तर लगेच डॉक्टर, कारण तिथे प्रश्न आहारापुरता नसतो; इन्सुलिनच कमी पडत असण्याची शक्यता तपासावी लागते.

पुढचं एचबीएवनसी तीन महिन्यांनी, स्थिर राहिलं तर सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून निदान एकदा. नाश्ता अजून पुरता बसलेला नाही: झोप पाच तासांच्या खाली गेली की त्याच १८ ग्रॅमवर तासाने १६५ येतात. त्या दिवशी ओट्स दुपारी आणि सकाळी फक्त अंडी व दूध, एवढाच तूर्त तोडगा आहे.